सातवी टाचणी

मास्तर तसे जन्माचे भित्रे. हे त्यांच्या बायकोचं मत, आणि तिचं मत म्हणजे त्या घरात शेवटचा शब्द. महागातलं महाग कापड समोर पसरलं की हा माणूस बेधडक कात्री चालवील, हात जरासुद्धा कापायचा नाही. पण झुरळ दिसलं की पाय वर घेऊन मशीनच्या फळीवर चढून बसेल. तापाची साधी गोळी घ्यायची तरी आधी तिला उलटीपालटी करून बघेल. अशा माणसाची उजवीकडची खालची दाढ किडली, सुजली, आणि लवंगा चावून, गाल धरून, उशीत तोंड खुपसून झाल्यावर शेवटी काढायचीच ठरली, तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

दाढ निघाली मात्र सहज. दाताची डॉक्टर म्हणजे लेकीच्या वयाची मुलगी. तिनं सुई टोचली, अर्धं तोंड मेलं, मग काहीतरी कर्र वाजलं आणि ती म्हणाली, "झालं, काका."

"झालं? खरंच झालं?" मास्तरांनी विचारलं, पण तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. जीभ अर्धी स्वतःची होती, अर्धी कुणाची कोण जाणे.

डॉक्टरनं कापसाचा घट्ट बोळा दाढेच्या जागी ठेवून दाबून धरायला सांगितला आणि हात धुता धुता पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं. बोळा तासभर तरी काढायचा नाही. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या उद्यापासून, त्याही हळू. गरम नको, ओढून पिणं नको, धावपळ तर अजिबात नको. आणि जखमेला बोट लावायचं नाही, जिभेनं चाचपायचं नाही.

"खड्ड्यात रक्ताची गाठ धरते ना काका, ती म्हणजे जखमेचं झाकण. ते उडालं की आतलं हाड उघडं पडतं. मग जे ठणकतं ना, त्याच्यापुढं आत्तापर्यंतचं तुमचं दुखणं म्हणजे लाडच म्हणायचे."

ती बिचारी सहज बोलली. मास्तरांना मात्र तेवढंच ऐकू आलं. उघडं हाड! त्यांनी दात असे आवळले की डॉक्टरलाच म्हणावं लागलं, "इतकं नाही हो, नुसतं दाबून धरा." आणि ते दारापर्यंत पोचल्यावर तिनं मागून हाक मारून सांगितलं, "बधिरपणा जाईपर्यंत तोंडात काही घालू नका हं. लागलं, टोचलं तरी कळायचं नाही."

मास्तरांनी मान हलवली. खायची वासना होती कुणाला?

घरी आले ते अंड्यावर चालल्यासारखे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, दोरीला टांगलेले अर्धेमुर्धे कपडे, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. बायको मशीनवर बसली होती. ती म्हणाली, "पडा जरा." मास्तरांनी खुणेनं सांगितलं की आडवं झाल्यावर रक्त घशात गेलं तर काय करायचं. "मग बसा," ती म्हणाली. बसल्यावर झोप लागली आणि तोंड उघडं पडलं तर? "मग उभे राहा, आणि माझं डोकं खाऊ नका," ती म्हणाली. त्यावर मास्तर टेबलाला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात लेक आली, आणि तिच्या आधी भिंगरी आली. भिंगरी म्हणजे नात. खरं नाव कागदावर होतं, पण पाय जमिनीला लागले तशी ही पोर स्वतःभोवती गरगर फिरायला शिकली, आणि तेच नाव चिकटलं. दुसऱ्या दिवशी बालवाडीत पोरांचे फोटो काढणार होते. आजोबांनी कबूल केलेला पिवळा फ्रॉक तयार व्हायचा होता. घेर लांब होता आणि खांदे उतरत होते.

"बाबा, राहू दे," लेक म्हणाली. "जुना घालीन तिला. तुमचं तोंड बघा काय झालंय."

पण भिंगरीनं वर बघितलं आणि खालचा ओठ बाहेर काढला. आता सांगा, कुठला आजोबा टिकेल? मास्तर गुडघ्यावर बसले, तिला फ्रॉक चढवला आणि सवयीनं टाचण्या ठेवायचं डबीचं झाकण पुढ्यात ओढलं.

इथं मास्तरांची एक रीत सांगितली पाहिजे. टाचण्या मनगटावरच्या उशीत खोचणारे शिंपी वेगळे. मास्तर टाचण्या ओठांत धरत. त्यांच्या खास, रंगीत काचेच्या डोक्याच्या सात टाचण्या होत्या. फिटिंगला बसले की सातही ओठांत. लागेल तशी एकेक कापडात जायची, आणि काम झालं की कापडातून परत ओठांत यायची. शेवटी जीभ आतल्या बाजूनं एकदा फिरायची, डावीकडून उजवीकडे, आणि सात भरल्या की मास्तर "हं" करायचे. तो "हं" आला की कपडा अंगावर चढवायला मोकळा. गिऱ्हाइकांनासुद्धा त्या "हं"ची सवय झाली होती. लग्न झालं तेव्हा बायकोनं कटकट केली होती, एक दिवस गिळाल म्हणून. पण तिच्याच डोळ्यांसमोर इतके कपडे त्या जिभेनं मोजून दिले, एक टाचणी कधी कुणाच्या अंगाला लागली नाही, मग तिनंही नाद सोडला.

तोंडात काही घालू नका, असं डॉक्टर म्हणाली होती. आता टाचण्या काय कुणी खातं? मास्तरांच्या मनाला तो विचार शिवलासुद्धा नाही. बोळा उजवीकडे होता म्हणून त्यांनी टाचण्या जरा डावीकडे धरल्या, आपल्या मते केवढी काळजी घेतली.

भिंगरी काही एका जागी उभी राहीना. आबांचा सुजलेला गाल बघून ती हसायची, मग मास्तरांनाही हसू यायचं, मग ओठ दाबून हसू आवरावं लागायचं. घेर दुमडून झाला, खांदे टाचून झाले. फ्रॉक उतरवून बायकोकडे गेला. तिची टीप पुढं सरकत होती आणि मास्तर मशीनच्या पुढून एकेक टाचणी उपटून ओठांत घेत होते. टीप संपली. बायकोनं दोरा तोडला आणि सवयीनं नवऱ्याकडे बघितलं.

मास्तरांची जीभ फिरली. डावीकडची डोकी लख्ख लागली. उजवीकडे मात्र सगळं जाडंभरडं, पोत्यावरून हात फिरवावा तसं. आहेत, असतीलच, जातात कुठं?

"हं," मास्तर म्हणाले.

भिंगरीनं फ्रॉक घातला तो काही केल्या काढीना. त्याच्यातच गिरक्या घेत, आईचं बोट ओढत घरी गेली. मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या न बघताच झाकणात टाकल्या आणि भिंतीला डोकं टेकून बाकावर बसले. तास होऊन गेला होता, पण बोळा काढायची त्यांची छाती होईना. रक्त यायला लागलं तर? त्यापेक्षा राहू दे की, कुठं भाडं द्यावं लागतंय त्याला?

बायकोनं पुढचा कपडा घेतला आणि टाचणीसाठी हात झाकणात घातला. घातला तो तसाच राहिला.

"अहो. या सहाच आहेत."

मास्तरांनी डोळे उघडले. झाकण स्वतः बघितलं. लाल, निळी, दोन हिरव्या, पांढरी, काळी. पिवळी नव्हती.

आधी दोघंही बिनघोर होती. पडली असेल खाली. बायकोनं दोरीला बांधलेलं लोहचुंबक टेबलाखालून, मशीनच्या पायांमधून फिरवलं. दोन मोडक्या सुया निघाल्या, एक हूक निघाला, कधीचं हरवलेलं पितळी बटण बायकोच्या हाताला लागलं. पिवळी टाचणी नाही. मास्तरांनी स्वतःचे खिसे झटकले, सदरा झटकला, चिंध्यांचं पोतं उपडं केलं. मग एकदम त्यांचे हात थांबले.

"गिळली," ते म्हणाले. बोळ्यामुळे शब्द नीट आला नाही, पण बायकोला कळला. एवढ्या वर्षांच्या संसारात असले शब्द कळतातच.

"काहीतरीच! गिळली असती तर कळलं नसतं?"

मास्तरांनी उजव्या गालावर फाडकन मारून घेतली आणि हात पसरले. काय कळणार? इथं कुणी घरात आहे का? हा गाल, हा ओठ, ही अर्धी जीभ, यांच्यावर आज हत्ती चालून गेला असता तरी कळलं नसतं.

ते आरशाकडे धावले. मग धावायचं नाही हे आठवून चालत गेले. तोंड उघडलं. आत लालभडक बोळा, लाल जीभ, लाल सगळं. जखमेचं रक्त कुठलं आणि टाचणीचं कुठलं? घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. आवंढा गिळला तर टाचणी खाली जाईल, न गिळावा तर तोंडात रक्त साचतंय. थुंकून टाकावं म्हणून ते मोरीकडे वळले, आणि डॉक्टरचा आवाज कानात आला: थुंकायचं नाही. खळखळून चूळ भरावी, सगळं धुऊन निघेल. चूळ भरायची नाही. बोट घालून बघावं. बोट लावायचं नाही. जोरात खोकून बघावं. झाकण उडालं तर? जे जे करावंसं वाटत होतं ते ते नेमकं बंद होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मास्तर तोंड मिटून उभे, नाकानं फूं फूं श्वास घेत.

"बोळा काढा आणि मला बघू द्या," बायको म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. टाचणी पोटात जाते, आतडं फाडते, माणूस आतल्या आत संपतो, असलं काहीबाही त्यांनी कधीतरी ऐकलं होतं, ते सगळं एकदम आठवलं. मरायची भीती वाटत होती, आणि ती भीती लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. ते बायकोचा हात धरून बाकावर बसले.

बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"अहो," ती हळू म्हणाली. "आणि पोटात गेलीच नसेल तर? फ्रॉकात राहिली असेल तर?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. पिवळ्या फ्रॉकात पिवळ्या डोक्याची टाचणी. दिसणार कशी? खांद्याला अस्तर होतं. त्या अस्तराच्या आत ती गेली असेल, तर तिचं टोक पोरीच्या मानेपासून बोटभरसुद्धा लांब नाही. आणि भिंगरी आत्ता काय करत असेल? गिरक्या घेत असेल. नाहीतर तोच फ्रॉक घालून झोपली असेल, पालथी, तिच्या सवयीप्रमाणे.

बायकोनं लेकीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पोर दुपारी झोपली की लेक फोनचा आवाज बंद करून ठेवायची, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"तुम्ही थांबा, मी जाते," बायको म्हणाली आणि उठायला गेली. तिचे गुडघे असे होते की रस्ता ओलांडायलाही तिला कुणाचा तरी खांदा लागायचा.

मास्तर केव्हाच दाराबाहेर होते.

ते पळत होते. ज्या माणसानं दिवसभर मान जोरात वळवली नव्हती, तो पायांत चपला नसताना गल्लीतून पळत होता. सायकल दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "काय झालं मास्तर?" मास्तर तसेच पुढं गेले. बोळा दातांत दाबलेला, त्याच्या कडेनं उबदार काहीतरी पाझरायला लागलं होतं. झाकण उडालं असेल. उडू दे. हाड उघडं पडू दे, सगळीच्या सगळी बत्तिशी पडू दे. मगाशी ते देवाला म्हणत होते, टाचणी माझ्या पोटात नसू दे. आता पळता पळता त्यांनी शब्द फिरवला. माझ्याच पोटात असू दे. देवा, माझ्याच पोटात असू दे, मी हूं का चूं करणार नाही, पण फ्रॉकात नको. दर पावलाला तेच. माझ्याच पोटात, माझ्याच पोटात.

लेकीनं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. पोर झोपली आहे, गडबड नको म्हणून. मग तिनं बापाचं तोंड बघितलं. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ सदऱ्यापर्यंत आला होता.

"बाबा! काय झालं? कुणी मारलं?"

मास्तरांनी तिला बाजूला सारलं. आतल्या खोलीत भिंगरी खाटेवर झोपली होती. पालथी. एक गाल उशीवर, दोन्ही हात पोटाखाली, आणि अंगात तो पिवळा फ्रॉक. मास्तरांचा हात तिच्याकडे गेला आणि अधांतरी थांबला. उचलावं तर कुठं धरून? टाचणी कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसताना तिला कुशीवर वळवलं आणि आपल्याच हातानं ती आत रुतवली तर? हलवलं तर जागी होईल, जागी झाली की पहिली उडी मारेल.

"बाबा, बोला ना काहीतरी!"

"टाचणी," मास्तर म्हणाले. फ्रॉककडे बोट दाखवलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. शिंप्याची लेक ती. तिला दुसरा शब्द लागला नाही.

"कात्री," मास्तर म्हणाले.

घरातली कात्री बोथट होती, दुधाच्या पिशव्या कापायची. मास्तरांनी डाव्या हाताची दोन बोटं फ्रॉकच्या आत, पोरीच्या पाठीला लावून सरकवली, म्हणजे टोचलंच तर आधी आपल्या बोटाला टोचावं, आणि मानेपासून खालपर्यंत फ्रॉक कापायला घेतला. तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं केलेलं काम ते कापत होते, कच्च कच्च, वाकडंतिकडं. कापडावर कधी न थरथरलेला हात असा थरथरत होता की लेकीनं त्यांचं मनगट खालून धरून ठेवलं. घेरापर्यंत कात्री आली. खांदे सुटे झाले. आता फक्त पुढचा भाग पोरीच्या अंगाखाली होता.

आणि भिंगरी जागी झाली.

तिनं मान वळवली. समोर आबा, तोंडभर रक्त, हातात कात्री. तिनं किंकाळी फोडली. टोचली! टाचणी टोचली! त्यांनी तिला झटकन वर उचललं, लेकीनं फ्रॉक ओढून काढला, आणि दोघंही त्या उघड्या, लाथा झाडणाऱ्या, ओरडणाऱ्या पोरीला खिडकीच्या उजेडात धरून बघायला लागली. मान, खांदे, बगला, पोट, पाठ. कुठं लाल ठिपका? कुठं ओरखडा? लेक अंगभर बोटं फिरवत होती. "कुठं दुखतं, राणी? कुठं टोचलं? दाखव आईला!"

"आबा!" भिंगरी आईच्या मानेत तोंड खुपसून ओरडली. "आबा नको! आबाला बाहेर काढ!"

ती दुखून रडत नव्हती. आजोबांना भिऊन रडत होती. अंगावर तिच्या साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मास्तर कापलेला फ्रॉक घेऊन खाली जमिनीवर बसले. घेराची दुमड त्यांनी बोटाबोटानं चिमटीत धरून बघितली. खांद्याची टीप उसवली, अस्तर उलटं केलं, चुरगळून मुठीत दाबलं. नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही. लेकीनं खाट झटकली, चादर, उशी, येताना भिंगरीनं सोडलेले बूटसुद्धा उलटे केले. नाही, कुठंच नाही.

आणि मास्तर हसायला लागले. रक्तानं माखलेल्या, एका बाजूनं लोंबणाऱ्या तोंडानं ते हसत होते. मांडीवर फ्रॉकच्या चिंध्या, आणि हा माणूस खदखदा हसतोय.

"बाबा? मग टाचणी गेली कुठं?"

मास्तरांनी मोठ्या आनंदानं स्वतःच्या पोटावर थाप मारली. "माझ्यात! माझ्यात आहे!"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं भिंगरीला बनियन घातलं, तिला कडेवर मारलं, दुसऱ्या हातानं बापाचं मनगट पकडलं आणि दोघांना घेऊन बाहेर पडली. दवाखान्यापर्यंत तिनं ते मनगट सोडलं नाही. भिंगरी आईच्या खांद्यावरून आबांकडे डोळे वटारून बघत होती, आणि मास्तर मागून फरपटत चालले होते. हसू ओसरलं होतं. त्याच्या जागी मगाचीच भीती परत आली होती, पण आता ती एकट्याची होती, आणि एकट्याची भीती माणूस कशीही वाहून नेतो.

डॉक्टरनं आधी रक्त बघितलं, मग पाय बघितले. "काका, मी काय सांगितलं होतं? आणि हा बोळा अजून तोंडातच?" लेकीनं टाचणीचं सांगितलं तेव्हा मात्र ती रागवायची थांबली. तिनं बोळ्याला हातही लावला नाही. मास्तरांना तसंच बसवलं, आधी जबड्याचा एक्स-रे काढला आणि तो पडद्यावर उमटला.

टाचणी तिथं होती. गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, बोळ्याच्या खाली, आडवी पडलेली. टोक गालाच्या मांसात रुतलं होतं, म्हणून ती तिथं राहिली होती.

डॉक्टरनं चिमट्यानं ती काढली. मास्तरांना काहीच कळलं नाही. ट्रेमध्ये टक्क आवाज आला, तेवढंच. मग डॉक्टर खुर्चीत मागं टेकली आणि तिनं मोठा श्वास सोडला. तीही घाबरली होती, हे तेव्हा दिसलं.

"चूळ भरली असतीत ना काका, नाहीतर बोट घालून चाचपलं असतंत, तर ही सुटली असती. मग घशात, नाहीतर थेट छातीत. पळताना कशी सुटली नाही, कोण जाणे." तिनं जखम पाहिली. गाठ जागेवर होती. रक्त आलं ते बरंचसं गालाचं होतं. तिनं नवा बोळा ठेवला. "आता परत तेच सगळं, पहिल्यापासून. आणि तासभर बोलायचं नाही. एक शब्द नाही."

मास्तरांनी हात जोडले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पोर सुखरूप, आपण सुखरूप, हाडसुद्धा झाकलेलं. आणखी काय पाहिजे माणसाला? बाहेरच्या बाकावर लेक बसली होती, भिंगरी तिच्या मांडीवर पेंगत होती. लेकीनं आईला फोन करून सांगितलं होतं. मास्तर तिच्या शेजारी बसले आणि चला, या अर्थानं त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

लेक उठली नाही.

"तुम्ही हसत होता," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"टाचणी पोटात गेली असं तुम्हाला वाटत होतं. आणि तुम्ही हसत होता, बाबा. पोटावर थापा मारत होता." तिचा आवाज बारीक झाला. "हिच्या अंगात नाही म्हणून मीसुद्धा देवाचे आभार मानले. आई आहे मी हिची. पण लगेच दुसऱ्या क्षणाला मला कळलं, हिच्यात नाही म्हणजे तुमच्यात आहे. मी काय करायचं होतं? मीही हसायचं होतं का तुमच्याबरोबर? ही तुमची नात. मग मी तुमची कोण? माझा बाप काय वाटेवर पडलाय?"

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, आणि बोळा हलला, तसं पुन्हा मिटलं. तिला रडताना त्यांनी लग्नानंतर बघितलं नव्हतं. ती आवाज न करता रडत होती, मांडीवरची पोर जागी होऊ नये म्हणून, आणि तिचे खांदे हलत होते. आपण मेलो असतो तर कुणाचं काय गेलं असतं, हा हिशेब मास्तरांनी पळताना केलाच नव्हता. फक्त आपण गेलो तरी चालेल, एवढंच ठरवून टाकलं होतं. आता ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांना भीती वाटत होती. दाढेची नाही, टाचणीची नाही. हिला हे असं रडायला एक दिवस आपणच लावणार आहोत, आज नाही तरी कधीतरी, आणि तेव्हा डोळे पुसायला आपण नसणार, याची ती भीती होती.

त्यांनी सदऱ्याची बाही ओढून तिचे डोळे पुसले. ती लहान असताना पुसायचे तसेच, जरा जोरात.

"दुखतंय का आता?" तिनं विचारलं.

गालात मुंग्या यायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागून ठणका. उजवी बाजू हळूहळू परत येत होती. मास्तरांनी लेकीसमोर आयुष्यभर करत आले तसं "नाही" म्हणून मान हलवायला घेतली, आणि मग थांबले. त्यांनी लेकीचा हात धरून तो आपल्या सुजलेल्या गालावर ठेवला आणि हो म्हणून मान हलवली. खूप दुखतंय, हे तिला कळावं म्हणून दोनदा हलवली.

"मग थांबा इथंच थोडा वेळ," लेक म्हणाली आणि हात तसाच ठेवला.